गाडी कोणाच्या हातात होती

भावाला माती देऊन मनकर्णा हिवरखेडहून अकोल्याला परतली, पण घरी गेली नाही. मोटरीतून उतरली ती तशीच सरकारी दवाखान्यात गेली. तिथे तिचा नवरा होता. खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर एक पोलीस बसला होता आणि देवमन भिंतीकडे तोंड करून पडला होता.

देवमन एका जिनिंगच्या मालट्रकवर ड्रायव्हर होता. चंद्रभान, मनकर्णाचा पाठचा भाऊ, त्याच ट्रकवर क्लीनर. सन त्रेसष्टचा हिवाळा होता, कापसाचा हंगाम. बडनेऱ्याला रुईच्या गाठी उतरवून दोघं रिकामी गाडी घेऊन अकोल्याकडे येत होते. वाटेत देवमनने गाडी थांबवली. दारूबंदीचे दिवस होते, पण कोणत्या गावात कोणत्या नाल्याकाठी मिळते, हे त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना वेगळं सांगावं लागत नसे. मूर्तिजापूर मागे पडलं, दिवस मावळत आला, आणि ट्रक रस्ता सोडून एका निंबावर आदळून उलटला. दोघंही बाहेर फेकले गेले. देवमनचा खांदा मोडला. चंद्रभान तिथेच संपला. मागून बैलगाड्या घेऊन येणाऱ्यांनी त्यांना उचललं, तेव्हा देवमनच्या तोंडाचा वास सगळ्यांना आला. दवाखान्यात डॉक्टरने रक्त काढून घेतलं, त्यातही तेच निघालं. दारू पिऊन गाडी चालवणं आणि माणसाच्या मरणाला कारण होणं, असे दोन्ही गुन्हे त्याच्यावर लागले.

मनकर्णाने माहेरून बांधून आणलेली भाकर सोडली आणि त्याच्या उजव्या बाजूला ठेवली, कारण डावा हात गळ्यात बांधलेला होता. त्याने भाकरीकडे पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, माती नीट झाली का. ती हो म्हणाली. मग तो म्हणाला, "वकील-बिकील पाहू नको. जे होईन ते होऊ दे."

त्याचं हे बोलणं तिला पटलं असतं. वाटभर तिच्याही मनात तेच होतं, की या माणसाला सडू द्यावं तुरुंगात. पण घरी दोन पोरी होत्या. थोरली केशर, मनकर्णाच्या मेलेल्या आईचं नाव लावलेली, आणि धाकटी अजून बोबडं बोलणारी. ती म्हणाली, "तुमी आत जासान, मोकये व्हासान. पोरीयचं कोन पाहीन?" देवमनने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

खरं तर चंद्रभानला त्या गाडीवर बसवलं होतं तिनेच. आई गेली तेव्हा तो रांगत होता. तिच्या कडेवरच तो वाढला, आणि तिचं लग्न झालं तेव्हा बाप पुंजाजी म्हणाला होता की पोरगं तुयाशिवाय जेवत नाही, थोडे दिवस ने सोबत. तो मॅट्रिकला नापास होऊन गावात बसला तेव्हा मनकर्णा नवऱ्याच्या मागे लागली, त्याला गाडीवर घ्या म्हणून. देवमन नको म्हणत होता. या धंद्यात पोरगं बिघडते, त्याने परत परीक्षेला बसावं, असं त्याचं म्हणणं. तिने ऐकलं नाही. देवमन प्यायला लागला आहे हे तिला कळलं होतं, आणि चंद्रभान सोबत असला तर तो पिणार नाही असं तिला वाटलं होतं. गाडी सुटायच्या आधी ती भावाला बाजूला घेऊन सांगायची, भाऊजीवर ध्यान ठेव. तो हसून मान हलवायचा. बापाला मात्र तिने यातलं काही कळू दिलं नव्हतं. छप्पनला नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा पुंजाजी आणि देवमन एकाच रांगेत बसले होते, दारूला शिवणार नाही असं दोघांनी बरोबरच म्हटलं होतं. तिथून आल्यावर पुंजाजीने जावयाचं कौतुक साऱ्या गावात केलं होतं.

पहिल्या वकिलासाठी तिला कुठे जावंच लागलं नाही. तो आपणच आला. जिनिंगच्या मालकाने महादेवराव नावाच्या आपल्या वकिलाला दवाखान्यात पाठवलं. माणूस बोलायला गोड होता. काही काळजी करू नका, मालक तुमच्या पाठीशी आहेत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला आणि सहीसाठी एक कागद पुढे केला. मनकर्णा चौथी शिकली होती. तिने कागद हातात घेऊन हळूहळू वाचला. देवमनने मालकाला न विचारता गाडी दुसऱ्या रस्त्याने नेली, आणि चंद्रभान नावाचा कोणी माणूस कारखान्याच्या नोकरीत नव्हता, असं त्यात होतं. तिने तो परत दिला. महादेवराव रागावला नाही. हसून म्हणाला, विचार करा. पण त्या दिवसानंतर जिनिंगचं कोणी त्यांच्याकडे फिरकलं नाही.

मग वस्तीतल्या लोकांनी अमरावतीच्या धर्मपालचं नाव सांगितलं. आपल्यातला पोरगा, नवीनच वकील झालेला. पोरींना शेजारणीकडे ठेवून ती अमरावतीला गेली. राजकमल चौकाच्या मागे एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं. दोन खुर्च्या आणि एक टेबल एवढंच. ती दारात उभी राहून जयभीम म्हणाली, तसा तो उठून उभा राहिला आणि तिला ताई म्हणाला. तिचं सगळं ऐकून घेताना त्याने एकदाही मध्ये तोडलं नाही. चंद्रभानचं वय विचारताना मात्र त्याने कागदावरून मान वर केली नाही.

"ताई, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही," तो म्हणाला. "रक्तात दारू निघाली आहे. मी गुन्हा कबूल करायला सांगेन आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून भांडेन. जज साहेबांना सांगेन की मेलेला ह्याचा सख्खा मेव्हणा होता, शिक्षा तर ह्याला झालेलीच आहे. वर्ष-दोन वर्षं तरी जातील."

तिने विचारलं की सुटायचा काही रस्ताच नाही का. त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, म्हणाला. मग खिडकीकडे पाहत त्याने सांगितलं की अकोल्यात हरिहरराव म्हणून आहेत, त्यांच्या हातून असे खटले सुटतात. कसे सुटतात ते त्याने सांगितलं नाही. ती निघाली तेव्हा तो चौकापर्यंत आला आणि म्हणाला, "तिकडून काही ठरलं नाही तर माझ्याकडे या. मी आहे."

हरिहररावांचा वाडा टिळक रोडच्या आत होता. पुढच्या खोलीत गादीवर बसून ते काम करत. केस पिकलेले, आवाज मऊ. मनकर्णा दाराशी जमिनीवर बसायला लागली, तर त्यांनी खुर्चीवर बसा म्हणून दोनदा सांगितलं. त्यांनी जितके प्रश्न विचारले तितके पोलिसांनीही विचारले नव्हते. ट्रक कसा पडला होता, दारं उघडी होती की बंद, गाड्यावाले आले तेव्हा कोण कुठे पडलं होतं. देवमनकडून आणि गाड्यावाल्यांकडून ऐकलेलं सगळं तिने सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"दारू प्यायला होता हे आपण नाकारायचंच नाही," ते म्हणाले. "उलट आपणच सांगायचं. प्यायला होता, हात आवरत नव्हते, म्हणून शहाणपणाने गाडी क्लीनरच्या हाती दिली. क्लीनर नवखा, त्याला ती सांभाळली नाही. दोघंही बाहेर पडले होते. आत कोण कुठे बसला होता हे पाहणारं कोणी नाही."

ते काय म्हणताहेत हे तिला एकदम कळलं नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "त्याले गाडी येत नोहती साहेब. यायनं कदी त्याच्या हातात देल्लीच नाही."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"यायले. मले." ती थांबली. "माया बापाले."

ते कोण, काय करतात, असं वकिलांनी विचारलं आणि आपण कशाला उत्तर देत आहोत हे ध्यानात यायच्या आधीच तिने बापाविषयी सांगितलं. मजुरी करतो, पण भांडणतंटा झाला की चार गावचे लोक त्यालाच बोलावतात. आजवर खोटा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा अभिमानाने भरला होता. हरिहररावांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला.

"मग मला तेच हवेत," ते म्हणाले. "बाई, मी जबरदस्ती करत नाही. पण मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. जिवंताला होते, आणि त्याच्या पोरींना होते. दुसरा वकील पाहायचा असेल तर खुशाल पाहा, मला राग नाही."

पुढचे काही दिवस मनकर्णा घर आणि दवाखाना यातच फिरत राहिली. दवाखान्यात जाताना धर्मपालचं ऐकावं वाटे, कारण तिथे नवरा दिसे आणि भाऊ आठवे. घरी आली, पोरी पदराला लोंबल्या, की हरिहररावांचा मऊ आवाज कानात येई. देवमनला तिने विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा उठून बसला. "त्याच्यावर?" एवढंच म्हणाला. मग त्याने दोन्ही पोरींची नावं घेतली आणि रडायला लागला. पोलीस उठून व्हरांड्यात गेला. देवमन नाही म्हणाला नाही. तो नाही म्हणेल, ठामपणे म्हणेल, अशी तिला आस होती, हे तिला तेव्हा कळलं. त्याने म्हटलं असतं तर ती दुसऱ्या मोटरीने अमरावतीला गेली असती.

ती हिवरखेडला गेली. पुंजाजी अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. कुडाच्या काठीवर चंद्रभानचा खाकी सदरा वाळत घातला होता. दवाखान्यातून मिळालेला तो सदरा म्हाताऱ्याने स्वतः धुतला होता, आणि छातीवरचा डाग काही गेला नव्हता. मनकर्णाने चूल पेटवली, भाकरी केल्या, बापाला वाढलं. तो जेवून हात धुऊन बसला तरी तिला तोंड उघडवेना. शेवटी त्यानेच विचारलं की वकील भेटला का. मग तिने सगळं सांगितलं, तिन्ही वकिलांचं. हरिहररावांचं सांगताना तिने मान खाली घातली होती.

पुंजाजीने आधी वेगळंच विचारलं. "तो पेत होता हे तुले मालूम होतं?"

"होतं, बा."

"मंग पोराले काहून धाडलं त्याच्या गाडीवर?"

"ध्यान ठेवाले," ती म्हणाली.

म्हाताऱ्याचे हात दोरावर थांबले. तो ओरडेल, हात उगारेल, चालती हो म्हणेल, असं तिला वाटलं, आणि त्यातलं काहीही झालं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. तो कितीतरी वेळ कुडाकडे पाहत राहिला. मग दोराला पुन्हा पीळ घालत म्हणाला, "पोरगा तं आता येत नाही. तुया पोरी हायेत. म्या बोलीन."

"बा, खोटं हाय ते."

"खोटं हाय, हे मले सांगतं का?" तो म्हणाला.

हरिहररावांच्या नावाने वकीलपत्र झालं. देवमनने उजव्या हाताने त्यावर सही केली. खटला उभा राहिला तोवर उन्हाळा आला होता. धर्मपालला कळवावं असं मनकर्णाला फार वाटलं, पण काय कळवणार?

पुंजाजीला पुकारलं त्या दिवशी तो धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घालून आला होता. खरं सांगेन, खरंच सांगेन, असं त्याने कारकुनाच्या मागोमाग म्हटलं. हरिहररावांनी फार विचारलं नाही. तुमच्या मुलाला गाडी चालवता येत होती का? येत होती, तो म्हणाला. मग सरकारी वकील उठला. तुम्ही स्वतः पाहिलं का, की कोणाचं ऐकून सांगता? मनकर्णा मागे बाकावर बसली होती. तिला वाटलं आता बा अडखळेल.

पुंजाजी अडखळला नाही. "पाह्यलं," तो म्हणाला. "गावात आनली होती गाडी एकडाव. तोच चालवत होता." इथे तो थांबू शकला असता, कोणी पुढचं विचारलं नव्हतं. पण त्याला बहुतेक वाटलं असावं की एवढ्याने काम होणार नाही. तो सांगत राहिला. गाडीचा भारी नाद होता त्याला. जोरात चालवे. म्या म्हनो, बाबू, हयू चालव, तं आयकत नोहता. आंगात मस्ती होती पोराच्या. एक दिवस हा जीव घेईन कोनाचा, असं म्या भाऊजीले त्याच्या म्हटलं होतं.

त्याचा आवाज एकदाही हलला नाही. चावडीवर एखाद्याच्या बांधाचा निवाडा सांगावा तसा तो बोलत होता. जो चंद्रभान रस्ता ओलांडताना बहिणीचं बोट धरायचा आणि मोठा झाल्यावरही सायकल उतारावर हातात धरून न्यायचा, त्याच्या जागी कोणी दुसराच उनाड पोरगा त्या कोर्टात उभा राहिला. मनकर्णाने पदर तोंडात कोंबला. पिंजऱ्यात देवमनने चांगल्या हाताने कठडा धरला होता आणि तो सासऱ्याच्या पायांकडे पाहत होता. साहेब लिहीत होते. सरकारी वकिलाने आणखी काही विचारलं नाही. पोराविषयी असं सांगणाऱ्या बापाला काय विचारायचं?

देवमन सुटला. दारू प्यायल्याबद्दल आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्याबद्दल थोडी शिक्षा झाली, ती आधीच कोठडीत भोगून झाली होती. मरणाचा दोष निकालात चंद्रभानवर गेला. कोर्टाबाहेर निंबाच्या सावलीत देवमन सासऱ्याच्या पाया पडायला वाकला. पुंजाजी मागे सरला. मग, रागावून नाही, अगदी सरळ आवाजात म्हणाला, "खांदा सांभाय." मनकर्णाने त्याला घरी चल म्हणून खूप विनवलं. दोन घास खाऊन जा, पोरी वाट पाहून राहिल्या. तो थांबला नाही. गावाकडे जाणारी तेल्हाऱ्याची मोटर सुटायची आहे म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर देवमनने कधी दारूला हात लावला नाही आणि गाडीलाही लावला नाही. एका लाकडाच्या वखारीत तो रखवालदार झाला. घरी चंद्रभानचं नाव कोणी घेत नसे. मनकर्णाला रडू आलं तरी ती त्याच्यासमोर रडत नसे, आणि एकटी असली की येतच नसे. हिवरखेडला ती जाई तेव्हा बाप पूर्वीसारखाच बोले, आबाजी म्हणून बिलगणाऱ्या पोरींना बोरं देई. पण गावच्या बायकांनी तिला सांगितलं की वंदनेला आता तो पुढे बसत नाही. मागे भिंतीशी बसतो, आणि पंचशील म्हणताना तिसऱ्या शीलापर्यंत त्याचा आवाज येतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की येत नाही. विचारलं तर घसा बसला म्हणतो. गावाला कळलं होतंच सगळं. तरी कोणी त्याला एका शब्दाने काही म्हटलं नाही, आणि वर्षं गेली तशी जी पोरं तेव्हा लहान होती ती चंद्रभानने जोरात गाडी चालवून जीव घालवला, एवढंच जाणत मोठी झाली.

केशर सातवीत होती तेव्हाची गोष्ट. रविवारचा दिवस, सकाळचं ऊन ओट्यावर आलेलं. देवमन वखारीतून येऊन दात घासत होता आणि मनकर्णा आत तांदूळ निवडत होती. शेजारच्या पोरीने केशरला विचारलं की तुझ्या बाबाचा खांदा असा वाकडा काहून. केशर म्हणाली, आमच्या मामानं जोरात गाडी चालवली आणि झाडावर घातली. तो मेला आणि बाबाचा खांदा मोडला.

देवमनने चूळ भरली. मग तो ओट्यावर येऊन पोरींजवळ बसला. इतक्या वर्षांत त्याने हे कोणापाशी म्हटलं नव्हतं, दवाखान्यात नाही, कोर्टात नाही, बायकोपाशीही नाही.

"नाही बेटा," तो म्हणाला. "मामाले गाडी येतच नोहती. म्या चालवत होतो. म्या दारू पेलो होतो."

आत मनकर्णाचे हात सुपात थांबले.

केशरने बापाकडे पाहिलं. ती घाबरली नाही, चिडलीही नाही. तापात बडबडणाऱ्या माणसाला समजवावं तशी ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "नाही बाबा. आबाजीनं कोर्टात सांगतलं ना. आबाजी खोटं बोलत नाही."

देवमनने मान वळवून दाराकडे पाहिलं. मनकर्णा दारात येऊन उभी राहिली होती, आणि पोरगीही आता तिच्याकडे पाहायला लागली होती, आई सांगेल म्हणून. मनकर्णाच्या ओठांशी भावाचं नाव आलं. ते घेतलं की पोरीच्या मनातला खरं बोलणारा म्हातारा जाणार होता, आणि पोरीला त्याच्याएवढं प्रिय दुसरं कोणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली.

"जा, खेया तिकडे," ती शेवटी म्हणाली.

पोरी गेल्या. मनकर्णा आत येऊन सुपाशी बसली. तिला तांदूळ दिसेनात. मग तिने सूप बाजूला सारलं, कपाळ जमिनीला टेकवलं, आणि चंद्रभान, चंद्रभान, असं मोठमोठ्याने म्हणत ती रडली. देवमन ओट्यावरच बसून राहिला. आत यायची त्याची हिंमत झाली नाही.